कुचंबलेल्या चुंबकाची रांगोळी

पुण्याहून नगर रस्त्यानं निघालात (आता त्याला अहिल्यानगर रस्ता म्हणायचं, पण आमच्या तोंडून अजून ‘नगर रोड’च येतं), की वाघोली, लोणीकंद, पेरणे फाटा मागे पडतो आणि भीमेवरचा पूल लागतो. पूल ओलांडला की कोरेगाव भीमा. सणसवाडीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकांची सतत घरघर चाललेली असते. पण पुलाखाली, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाला जी थोडी वाळू उरते ना, तिथं फार मजेदार माल पडलेला असतो. फुकट!

एक साधा काळा चुंबक घ्या. तो प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घाला, नाहीतर त्याला चिकटलेलं काही केल्या सुटत नाही. आता वाळलेल्या वाळूवरून तो हळूहळू फिरवा. पिशवीच्या बाहेरून काळ्या बारीक कणांची दाढी उगवेल! पिशवी कागदावर धरून आतला चुंबक बाजूला केलात, की दाढी टपकन कागदावर. भीमेच्या काठी कुठंही हे जमतं. इतकंच काय, दख्खनच्या पठारावर राहत असाल तर शाळेच्या मैदानावरच्या मातीतही जमेल. दोन गोष्टी मात्र सांभाळा. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय नदीकडे जायचं नाही. आणि रस्त्याच्या कडेची धूळ घ्यायची नाही. गाड्यांच्या ब्रेकचा आणि कारखान्यांचा लोखंडी भुगा तिथं पडलेला असतो, तोही चुंबकाला चिकटतो आणि आपल्याला फसवतो.

हे काळे कण मॅग्नेटाइटचे. लोखंड आणि ऑक्सिजन यांचं हे खनिज आपल्या काळ्या कातळात थोडं थोडं मिसळलेलं असतं. कातळ झिजला, की जड कण नदीच्या वाळूत साचतात. कातळ कुठून आला? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, त्यातून. लाव्हा थिजून आणखी निवत गेला, आणि मॅग्नेटाइटचं तापमान ५८० अंश सेल्सिअसच्या आसपास आलं, की त्यातल्या अणूंना शिस्त लागली. त्या वेळी पृथ्वीचं चुंबकत्व ज्या दिशेला होतं, ती दिशा दगडात कायमची नोंदली गेली. गंमत म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा भाग थिजला, तेव्हा पृथ्वीचं चुंबकत्व आजच्या उलट होतं! आजचं होकायंत्र तेव्हा नेलं असतं, तर त्याचं उत्तरेचं टोक दक्षिणेकडे वळलं असतं. १९५० च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे जे. ए. क्लेग आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सी. राधाकृष्णमूर्ती, पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे अशा मंडळींनी आपल्या देशातल्या खडकांची ही चुंबकी डायरी वाचली. भारत एके काळी दक्षिण गोलार्धात होता आणि सरकत सरकत वर आला, याचा पुरावा त्या डायरीत निघाला.

पण आजची गोष्ट त्या डायरीची नाही. वर एक शब्द सहज येऊन गेला बघा, ‘शिस्त’. अणूंना शिस्त लागते म्हणजे काय होतं? आणि मुख्य म्हणजे, ती लागलीच नाही तर?

बाणांची शाळा

चुंबकी पदार्थातल्या प्रत्येक अणूवर एक इवलासा बाण आहे, असं समजा. हा बाण म्हणजे त्या अणूचं चुंबकत्व. पदार्थ गरम असला की बाण मधल्या सुट्टीतल्या मुलांसारखे वाटेल तिकडे तोंड करून असतात. पदार्थ निवत गेला की घंटा होते आणि सगळे रांगेत येतात. लोखंडात रांग सोपी असते. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, प्रार्थनेला उभे राहतो तशी. म्हणून लोखंडाचा चुंबक बनतो.

काही पदार्थांत मात्र शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं पटत नाही. एकाचा बाण वर, तर शेजारच्याचा हट्टानं खाली. त्याच्या पलीकडचा पुन्हा वर. वर, खाली, वर, खाली. म्हणजे शिस्त पक्की, पण बेरीज शून्य. अशा पदार्थाला खिळासुद्धा चिकटत नाही. फ्रान्सच्या लुई नेएल यांनी १९३० च्या दशकात हा प्रकार ओळखला, आणि १९७० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आपलं मॅग्नेटाइट या दोन्हींच्या मधलं आहे. त्यात लोखंडाचे अणू दोन प्रकारच्या खोल्यांत राहतात. एका खोलीतल्यांचे बाण वर, दुसरीतल्यांचे खाली. पण दुसऱ्या खोलीत मंडळी दुप्पट! म्हणून बेरीज शून्य होत नाही आणि आपल्या पिशवीला दाढी येते.

आता खरा पेच.

तिघांचं भांडण

स्टेशनरीच्या दुकानात गोल चपटे काळे चुंबक मिळतात, तसले तीन आणा. (घरात लहान भावंडं असतील तर आई-बाबांनी लक्ष ठेवावं. चुंबक तोंडात घालायची वस्तू नव्हे. दोन गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना ओढून गंभीर इजा करतात.) तिघांची चळत लावा. ते आपोआप एकमेकांवर बसतील. आता प्रत्येकाच्या वरच्या तोंडाला नेलपॉलिशची खूण करा. झालं? आता खूण वर म्हणजे बाण वर, खूण खाली म्हणजे बाण खाली.

दोन चुंबक टेबलावर आडवे, शेजारी शेजारी ठेवा. दोघांच्या खुणा वर असतील तर ते एकमेकांना दूर लोटतील. एकाची खूण वर आणि दुसऱ्याची खाली केलीत, की कडेला कड लावून छान चिकटतील. हे म्हणजे शेजाऱ्याच्या उलट वागणारे अणू. आता तिसरा आणा आणि त्रिकोण करायचा प्रयत्न करा. खूण वर ठेवलीत तर पहिल्याशी भांडण. खाली ठेवलीत तर दुसऱ्याशी. बोटांनी दाबून धरा, म्हणजे कुणाची कुरकुर चाललीय ते बोटांनाच कळेल. मी हा खेळ पहिल्यांदा केला तेव्हा पाच मिनिटं चुंबक उलटेपालटे करत बसलो होतो, काहीतरी युक्ती असेलच या आशेनं. युक्ती नाही. तीन चुंबक वर-खाली ठेवण्याच्या एकूण ८ तऱ्हा आहेत. त्यांतल्या दोन, म्हणजे तिन्ही वर किंवा तिन्ही खाली, सगळ्यांत वाईट, कारण तिन्ही जोड्या भांडतात. उरलेल्या सहांमध्ये एकेक जोडी भांडते. बिनभांडणाची एकही नाही.

याला शास्त्रज्ञ ‘फ्रस्ट्रेशन’ म्हणतात. चुंबकांच्या बाबतीत हा शब्द फ्रान्सच्या जेरार तुलूझ यांनी १९७७ साली रूढ केला. आपण त्याला कुचंबणा म्हणू. घरात दोन मोठ्यांचं पटत नसलं की मधल्या मुलाची जी होते ना, तीच.

तुम्ही म्हणाल, एका त्रिकोणाची कुचंबणा झाली तर काय बिघडलं? एका त्रिकोणानं काही बिघडत नाही. पण स्फटिकात असे त्रिकोण अब्जावधी, एकमेकांना चिकटलेले. प्रत्येकाला सहा सारख्याच तऱ्हा. मग पूर्ण स्फटिकानं कोणती शिस्त निवडायची? १९५० साली ग्रेगरी वॅनिए या शास्त्रज्ञानं हे गणित सोडवलं. उत्तर असं निघालं, की फक्त वर-खाली होणारे बाण त्रिकोणांच्या जाळीवर असतील तर अशा चुंबकाला शिस्त कधीच लागणार नाही. उणे २७३ अंशांपर्यंत, म्हणजे थंडीच्या अगदी तळापर्यंत नेलं तरी नाही! तेव्हा हे फार विचित्र वाटलं असणार. थंड केलं की सगळं जागच्या जागी बसतं, पाण्याचा बर्फ होतो, असाच आपला अनुभव.

अंगणातला स्फटिक

हे गणित आपण रांगोळीनं करू. हसू नका, खरंच होतं.

ठिपक्यांची रांगोळी सगळ्यांना माहीत आहे. ‘सात ते चार’ ठिपके काढा. मधल्या ओळीत ७, तिच्या वर आणि खाली ६-६, मग ५-५, शेवटी ४-४. प्रत्येक ओळ अर्ध्या ठिपक्यानं सरकलेली. एकूण ३७ ठिपके, आणि कुठलेही तीन शेजारी घ्या, इवलासा त्रिकोण तयार. हीच ती जाळी! पांढरा ठिपका म्हणजे बाण वर. त्यावर चिमूटभर लाल रंग टाकला की बाण खाली.

पहिला खेळ. नियम एकच: कोणत्याही छोट्या त्रिकोणात तिन्ही ठिपके एकाच रंगाचे नकोत. म्हणजे प्रत्येक त्रिकोणात भांडण कमीत कमी. आता रंगवा. ताईला वेगळ्या कागदावर रंगवायला सांगा, आजीलाही सांगा. तिघांच्या रांगोळ्या पूर्ण वेगळ्या येतील आणि तिन्ही बरोबर असतील. अशा किती बरोबर रांगोळ्या आहेत? सगळ्या मोजणं अवघड आहे, पण ‘कमीत कमी इतक्या’ हे सहज सांगता येतं. ठिपके आळीपाळीनं तीन गटांत वाटा, म्हणजे प्रत्येक त्रिकोणात तिन्ही गटांचा एकेक ठिपका येईल. एक गट सगळा पांढरा ठेवा, दुसरा सगळा लाल. आता तिसऱ्या गटातल्या ठिपक्याचा रंग कोणताही असो, त्रिकोणात एक पांढरा आणि एक लाल आहेच! म्हणजे तिसऱ्या गटाला पूर्ण मोकळीक. मधला ठिपका ज्या गटात येतो त्यात १३ ठिपके असतात. तेराही ठिपक्यांना दोन-दोन रंगांची निवड. म्हणजे २ ला २ नं तेरा वेळा... करा गुणाकार. ८१९२. फक्त ३७ ठिपक्यांत, तेही कमीत कमी. खऱ्या स्फटिकात किती होतील याचा विचारच नको.

आता दुसरा खेळ. बाहेरून एक मोठा चुंबक आणला, अशी कल्पना करा. त्याला सगळे बाण वर हवेत. पण तो अगदी दुबळा आहे, शेजाऱ्यांची भांडणं त्याला मोडता येत नाहीत. तरीही त्रिकोणाच्या सहा तऱ्हांमधून तो निवड करू शकतो. ‘दोन वर, एक खाली’ अशा तीन तऱ्हा त्याला आवडतील. ‘एक वर, दोन खाली’ अशा तीन आवडणार नाहीत. म्हणून नवा नियम असा: प्रत्येक त्रिकोणात बरोबर एकच लाल.

कुठल्याही एका त्रिकोणापासून सुरुवात करा. तिघांतला एक लाल केलात? आता शेजारचा त्रिकोण बघा. त्याची एक कड पहिल्याशी सामायिक आहे. त्या कडेवर लाल असेल तर तिसरा ठिपका पांढराच ठेवावा लागेल. कड दोन्ही पांढरी असेल तर तिसरा लालच करावा लागेल. पुढचा त्रिकोणही तसाच, त्याच्या पुढचाही. तुम्हाला निवड करायला कुठं मिळणारच नाही! रांगोळी स्वतःच स्वतःला रंगवत जाईल, आणि शेवटी बघाल तर प्रत्येक ओळीत दोन पांढरे, एक लाल, दोन पांढरे, एक लाल. आठ हजारांहून जास्त रांगोळ्या होत्या, त्यांतल्या उरल्या फक्त तीन. पहिल्या त्रिकोणात लाल कोण, एवढाच काय तो फरक.

म्हणजे थंडीला जे जमलं नाही, ते एका दुबळ्या चुंबकाच्या हलक्या धक्क्यानं झालं. शिस्त लागली.

आता आणखी बारकाईनं बघू, कारण खरी गंमत इथं आहे. रांगोळीच्या आतला एखादा लाल ठिपका निवडा आणि त्याचे सहा शेजारी मोजा. सहाही पांढरे. म्हणजे त्याच्या मनासारखं, सगळे शेजारी उलट. आता एखादा पांढरा निवडा. त्याचे तीन शेजारी पांढरे, तीन लाल. तिघं म्हणतात वर हो, तिघं म्हणतात खाली हो. बेरीज शून्य. म्हणूनच तर एवढासा चुंबकही त्याला वर धरून ठेवू शकतो. लाल ठिपक्याला वर वळवायचं तर मात्र सहा शेजाऱ्यांच्या एकजुटीशी सामना आहे. म्हणून बाहेरचा चुंबक जरा वाढवला तरी काही होत नाही. आणखी वाढवला तरी नाही. दर तिघांमागे दोन वर, एक खाली, म्हणजे पूर्ण ताकदीच्या एकतृतीयांश एवढंच चुंबकत्व, तिथंच अडून बसतं. आणि मग एका ठरावीक जोराला सहा शेजाऱ्यांची ताकद तोकडी पडते, आणि सगळे लाल एकदम पांढरे होतात! आलेख काढलात तर जिन्यासारखा दिसेल. एक पायरी, मग लांबलचक सपाट जागा, मग दुसरी उंच पायरी.

मुंबईतला जिना

असा स्फटिक खरोखर आहे का? आहे. कॅल्शियम, कोबाल्ट आणि ऑक्सिजन यांचा एक काळपट पदार्थ, ज्याच्या प्रत्येक गटात कॅल्शियमचे ३, कोबाल्टचे २ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. त्यात कोबाल्टच्या उभ्या साखळ्या असतात. आपल्या रांगोळीच्या प्रत्येक ठिपक्यावर एकेक उदबत्ती उभी केली, तर कसं दिसेल? तसंच. एका उदबत्तीतले बाण एकमेकांशी गुण्यागोविंदानं राहतात, सगळे एका दिशेला. भांडण शेजारच्या उदबत्त्यांशी. १९९७ साली जपानमध्ये हिरोशी कागेयामा यांच्या गटानं त्यावर चुंबकीय क्षेत्र लावून पाहिलं आणि तो जिना मिळाला. एकतृतीयांशावर सपाट जागा, आणि ३.६ टेस्लाला मोठी उडी.

टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र साधारण ०.००००४ टेस्ला असतं. (त्याची नोंद १९०४ पासून अलिबागच्या वेधशाळेत होते. आधी ती मुंबईत कुलाब्याला व्हायची. पण मुंबईत विजेची ट्राम येणार, तिच्या विजेनं सुया थरथरणार, म्हणून बिऱ्हाड खाडीपलीकडे हललं!) दवाखान्यातल्या एमआरआय यंत्रात बहुधा १.५ टेस्ला असतं. म्हणजे ३.६ टेस्ला हे त्याच्या दुपटीहून जास्त. आणि हे सगळं चालतं उणे २४९ अंश सेल्सिअसच्या खाली.

आपल्या मुंबईतही या पदार्थावर आणि त्याच्या भाऊबंदांवर खूप काम झालं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ई. व्ही. संपतकुमारन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा साखळीच्या पदार्थांचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. एका कोबाल्टच्या जागी ऱ्होडियम बसवून काय होतं, तेही पाहिलं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एस. एम. युसुफ यांच्या गटानं कोबाल्टच्या जागी थोडं लोखंड घालून पाहिलं. तिथं त्यांच्या हाताशी एक खास साधन होतं, ‘ध्रुव’ अणुभट्टी. ती ८ ऑगस्ट १९८५ रोजी सुरू झाली. त्याच्याही आधी, १९५६ साली सुरू झालेल्या ‘अप्सरा’च्या काळापासून, पी. के. अय्यंगार यांच्यासारख्यांनी हे तंत्र आपल्याकडे रुजवलं होतं.

कोणतं तंत्र? अहो, बाण कुणी पाहिलेत? सूक्ष्मदर्शकाला ते दिसत नाहीत. पण अणुभट्टीतून न्यूट्रॉन निघतात. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, म्हणून तो स्फटिकात आरपार शिरतो. आणि तो स्वतःच एक इवलासा चुंबक असतो, म्हणून जाता जाता त्याला बाण जाणवतात. बाणांची रांग लागलेली असेल तर न्यूट्रॉन ठरावीक कोनांतच उसळून बाहेर येतात. कोनांवरून रांगोळी कशी आहे ते ओळखायचं. समजा, प्रत्येक ओळीत दर तिसरा ठिपका लाल झाला. मग रांगोळीचा नमुना तिप्पट अंतरानं पुन्हा येतो, आणि आधी जिथं काहीच नव्हतं अशा नव्या कोनात न्यूट्रॉन दिसू लागतात. अमेरिकेत क्लिफर्ड शुल आणि सॅम्युअल स्मार्ट यांनी १९४९ साली याच रीतीनं नेएल यांची ‘वर, खाली, वर, खाली’ रांग प्रथम प्रत्यक्ष दाखवली.

आता एक कबुली. खरा स्फटिक आपल्या रांगोळीइतका सरळ नाही. शेजारच्या उदबत्त्या एकमेकींपेक्षा थोड्या वर-खाली सरकलेल्या असतात. त्यामुळे बाहेरचं क्षेत्र नसताना त्याची रांगोळी उदबत्तीच्या उंचीबरोबर लाटेसारखी हळूहळू बदलत जाते. त्याहून नवल म्हणजे, उणे २६३ अंशांच्या आसपास नेऊन त्याला नुसतं स्वस्थ ठेवलं, तर तो एक शिस्त सोडून दुसरी धरू लागतो, पण त्याला तासन्तास लागतात! २०११ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूट्रॉनच्या प्रयोगांत हे दिसलं. आणि त्याहून थंडीत जिन्याला मधल्याच जादा पायऱ्या फुटतात, साधारण दर १.२ टेस्लाला एक. तुम्ही क्षेत्र भरभर वाढवलंत तर पायऱ्या वेगळ्या, सावकाश वाढवलंत तर वेगळ्या. म्हणजे त्याला विचार करायला किती वेळ दिला, त्यावर उत्तर अवलंबून. परीक्षेत आपलं होतं तसंच की!

याचा उपयोग काय?

बाबा हे विचारणारच. मलाही हा प्रश्न आवडतो, फक्त तो पहिला नसावा.

ज्या पदार्थाला शिस्त लागलेली नाही, त्याला चुंबकानं शिस्त लावली की त्यातून उष्णता बाहेर पडते. ती काढून टाकायची. मग चुंबक दूर करायचा. बाण पुन्हा विस्कटतात, आणि विस्कटायला लागणारी उष्णता पदार्थाकडूनच घेतात. पदार्थ थंड होतो. चुंबकाचा फ्रीज! ही कल्पना १९२० च्या दशकातली. अमेरिकेच्या विल्यम जिओक यांनी १९३३ साली ती खरी करून दाखवली. पण साध्या पदार्थांची अडचण अशी, की फार थंडीत त्यांना आपोआप शिस्त लागते आणि फ्रीज बंद पडतो. कुचंबलेल्या चुंबकांना ती लवकर लागत नाही, म्हणून ते खूप खालपर्यंत साथ देतात. २०२४ च्या जानेवारीत चिनी शास्त्रज्ञांनी सोडियम, बेरियम, कोबाल्ट आणि फॉस्फेट यांच्या स्फटिकानं केल्विनच्या एक दशांशाहूनही खाली मजल मारल्याचं प्रसिद्ध केलं. त्यात कोबाल्टची जाळी कशी असते, ओळखा पाहू? बरोबर, त्रिकोणांची.

याचं महत्त्व असं. इतक्या थंडीसाठी आज बहुतेक ठिकाणी हेलियम-३ नावाचा वायू वापरतात. तो निसर्गात जवळपास मिळत नाही. ट्रिटियम नावाच्या किरणोत्सर्गी पदार्थाच्या क्षयातून थोडा थोडा जमवावा लागतो आणि अतिशय महाग पडतो. क्वांटम संगणकासारखी यंत्रं चालवायची तर अशी थंडी हवीच. ज्यांच्याकडे हेलियम-३ नाही, त्यांनी काय करायचं? कुचंबलेला चुंबक कदाचित त्यांच्या कामी येईल.

आणि आपल्या भीमेच्या वाळूतलं मॅग्नेटाइट? त्यातही कुचंबणा दडलेली आहे बरं का! दुप्पट मंडळींची जी खोली सांगितली, तिच्यात लोखंडाचे अणू चौघाचौघांच्या टोळक्यात बसलेले असतात, आणि चौघांतले कुठलेही तिघं घ्या, त्रिकोणच. पण पहिल्या खोलीतल्या अणूंचा धाक इतका जबर, की दुसऱ्या खोलीत कुणी भांडू शकत नाही. पहिल्या खोलीत लोखंडाऐवजी जस्त आणि दुसरीत क्रोमियम बसवलं, की धाक संपला. या जस्त-क्रोमियमच्या स्फटिकात शेजाऱ्यांची ओढाताण इतकी जोराची असते, की ३९० केल्विनच्या सुमाराला शिस्त लागायला हवी. प्रत्यक्षात लागते १२ केल्विनच्या आसपास! १९५६ साली फिलिप अँडरसन यांनी हाच पेच गणितानं मांडला होता.

रांगोळी अजून पुसली नसेल ना? मग एक तिसरा खेळ. दुसऱ्या खेळातली, प्रत्येक त्रिकोणात एकच लाल असलेली रांगोळी घ्या, पण मधोमधचा ठिपका पांढरा येईल अशी. आता बोटानं सात ठिपके पुसून टाका. मधल्या सातच्या ओळीतला दुसरा, चौथा आणि सहावा, आणि पाचच्या दोन्ही ओळींतला दुसरा आणि चौथा. उरले ३०. विणलेल्या टोपलीसारखी षटकोनी भोकांची जाळी दिसेल. जपानमध्ये अशा विणीला ‘कागोमे’ म्हणतात, आणि अशा जाळीचे स्फटिकही असतात. जे त्रिकोण शिल्लक आहेत, त्यांत अजूनही बरोबर एकच लाल आहे, तपासून बघा.

आता मधल्या भोकाभोवतीचे सहा ठिपके पाहा. लाल, पांढरा, लाल, पांढरा, असे आहेत. त्यांचे रंग उलटे करा, लालचा पांढरा आणि पांढऱ्याचा लाल. बाकी कशालाही हात लावू नका. पुन्हा सगळे त्रिकोण तपासा. नियम मोडला का?